बोळक्यातले हाड : दंतरोपणापूर्वी काय पाहावे?

थंडी पडू लागली आणि मुरारच्या सदर बाजारात गजकीचे ढीग दिसू लागले, की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, गजक तोंडात घातली आणि कवळी हातात आली." तक्रार करणारे बहुधा साठी-सत्तरी उलटलेले असतात आणि कवळी आठ-दहा वर्षांपूर्वीची असते. "तेव्हा इतकी घट्ट बसायची की काढायला त्रास व्हायचा. आता सैल झाली," असे ते सांगतात.

कवळी सैल होत नाही. ती दहा वर्षांपूर्वी होती तशीच, तेवढीच असते. सैल होण्यासारखे काही घडलेले असेल तर ते तिच्याखाली. जबड्याचे हाड झिजलेले असते.

आपल्या स्मरणिकेत हृदय, मधुमेह आणि गुडघे यांवर दरवर्षी लेख असतात; दातांच्या वाट्याला फारशी जागा येत नाही. त्यातून ज्यांना दातच उरले नाहीत, त्यांच्याविषयी काय लिहायचे, असा प्रश्न पडेल. परंतु अलीकडे दंतरोपणाच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या आहेत. "एका दिवसात पक्के दात" असे वाचून मंडळी येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो खर्चाचा, दुसरा दुखण्याचा. ज्यात हे दात रोवायचे ते हाड शिल्लक आहे का, हा प्रश्न आजवर एकाही रुग्णाने मला आपणहून विचारलेला नाही. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

दाताची मुळे ज्या हाडात असतात ते हाड दातासाठीच तयार होते आणि दात गेला की त्याचे प्रयोजन संपते. प्लास्टरमध्ये दोन महिने बांधलेल्या पायाची पोटरी कशी उतरते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जबड्याचेही तसेच होते. फरक एवढाच, की पोटरी पुन्हा भरते, हे हाड भरत नाही. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होते आणि त्यातली बहुतेक घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या श्रॉप व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. त्यापूर्वी, १९७२ साली, टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्या रुग्णांचा २५ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला होता. त्याचा निष्कर्ष असा, की झीज कधीच पूर्ण थांबत नाही आणि पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. खालची कवळीच नेहमी का उडते, याचे उत्तर यात आहे.

गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले. आपल्या सभासदांपैकी अनेकांनी शरीररचनाशास्त्र तिथेच शिकले असेल. तोंडी परीक्षेत खालच्या जबड्याचे हाड हाती देऊन परीक्षक विचारीत, "हे हाड तरुणाचे की वृद्धाचे?" आणि आपण मेंटल फोरामेनकडे बोट दाखवीत असू. तरुण माणसात हे छिद्र जबड्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असते. दात गेलेल्या वृद्धात ते वरच्या कडेपाशी असते. छिद्र अर्थातच वर सरकत नाही, वरचे हाड नाहीसे होते. परीक्षेत गुण मिळवून देणारी ही बाब पुढे बहुतेकांच्या विस्मरणात जाते, पण आम्हा दंतवैद्यांचा तिच्याशी रोज संबंध येतो. कवळी घातली की खालच्या ओठात वीज चमकल्यासारखी कळ येते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काही रुग्णांत हाड इतके झिजलेले असते की मज्जातंतू हिरडीच्या लगेच खाली उघडा पडलेला असतो आणि प्रत्येक घासाला कवळी त्यावर दाबते. कवळी कितीदाही घासून दिली तरी त्या रुग्णाला आराम पडत नाही.

दंतरोपणाची कल्पना स्वीडनमधून आली. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे १९५२ साली सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर ती कुपी निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. या अडचणीतूनच पुढचे सारे शास्त्र उभे राहिले. १९६५ साली गॉस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिली रोपणे बसवली, आणि ती २००६ साली त्या गृहस्थांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर जगभर या पद्धतीला मान्यता मिळाली. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर असे मत दिले, की खालचे सर्व दात गेलेल्या रुग्णास नुसती कवळी देण्याऐवजी हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर अडकणारी कवळी देणे, हा उपचाराचा पहिला पर्याय मानला जावा.

दोन इम्प्लांट! ऐकायला किती सोपे वाटते. मलाही ते तसेच वाटले होते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्रेसष्ट वर्षांच्या एक बाई खालच्या कवळीला अगदी कंटाळून माझ्याकडे आल्या होत्या. ओपीजी काढला. हनुवटीच्या भागात हाडाची उंची चांगली १८ मिलिमीटर दिसत होती. बोटाने चाचपले, तर हिरडीचा उंचवटा रुंद आणि भरीव लागला. तारीख ठरली, मुलगा भोपाळहून रजा काढून आला. भूल देऊन हिरडी उघडली, आणि आत सुरीच्या पात्यासारखी कड दिसली. रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर असेल. बोटाला जो भरीवपणा लागला होता तो जाड हिरडीचा होता, हाडाचा नव्हता. चार मिलिमीटर जाडीचे इम्प्लांट त्या कडेत बसवणे अशक्य होते. मी टाके घालून हिरडी बंद केली. बाईंनी रुमालाने तोंड पुसत विचारले, "म्हणजे झालंच नाही का?" घेतलेले पैसे मी परत केले. त्यांच्या मुलाने चेहऱ्यावर काही दाखवले नाही, परंतु पुन्हा ते कुटुंब माझ्याकडे आले नाही. त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

चूक ओपीजीची नव्हती. त्याच्याकडे नसलेले उत्तर मी त्याला विचारले होते. फिनलंडमधील पाटेरो यांनी १९५० च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत एका फेरीत दोन्ही जबडे एका पट्टीवर दाखवते. हाडात रुतून राहिलेली मुळे, गाठी, सायनस, मज्जातंतूच्या नळीचा मार्ग या सगळ्यांचे ते उत्तम विहंगम दर्शन आहे, आणि पहिली तपासणी म्हणून आजही मी तोच काढतो. ज्यांना वाटते की आपल्या तोंडात आता काही नाही, त्यांच्या जबड्यात वीस वर्षांपूर्वी तुटून राहिलेले मूळ निघते, ते ओपीजीतच. पण ते एक सपाट चित्र आहे. समोरून उजेड टाकला तर जाडजूड ज्ञानेश्वरीची आणि पातळ पाटीची भिंतीवरची सावली सारखीच पडते. उंची कळते, जाडी कळत नाही.

आणि उंचीही पुरती खरी नसते. ओपीजीतील प्रतिमा मुळापेक्षा मोठी असते; किती मोठी, हे यंत्रावर, जबड्याच्या जागेवर आणि रुग्ण कसा उभा आहे यावर ठरते. दात असलेला रुग्ण यंत्राच्या ठोकळ्यावर पुढचे दात टेकवून स्थिर राहतो. बोळक्या तोंडाच्या रुग्णाला चावायला काहीच नसते. हनुवटी टेकवून आणि हिरड्यांमध्ये कापसाच्या गुंडाळ्या धरून त्याला कसेबसे उभे करावे लागते. मान थोडी वर-खाली झाली की चित्र बदलते. यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. कवळीच्या आकाराच्या पट्टीत ५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा बसवून ओपीजी काढायचा. चित्रात छर्रा ६ मिलिमीटर भरला, तर त्या जागी १५ मिलिमीटर दिसणारे हाड प्रत्यक्षात साडेबारा आहे, हे त्रैराशिकाने निघते. अडीच मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. मज्जातंतूच्या नळीपासून किमान दोन मिलिमीटर दूर राहण्याचा आमचा नियम आहे, हे लक्षात घेतले की या अडीच मिलिमीटरची किंमत कळते.

ती किंमत मोजलेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या पाहण्यात आहेत. अन्य शहरात, केवळ सपाट चित्रावर विसंबून, खालच्या दाढेच्या जागी त्यांना इम्प्लांट बसवले गेले. दुसऱ्या दिवशी भूल उतरली, पण ओठ जागा झाला नाही. "होईल हळूहळू," असे सांगितले गेले. अशा वेळी पहिल्या एक-दोन दिवसांतच तपासून, इम्प्लांट नळीत गेले असल्यास ते काढणे श्रेयस्कर; त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तीन महिने उलटले होते. त्यांची संवेदना काही अंशी परतली, पूर्ण नाही. चहाच्या प्रत्येक घोटानंतर त्या ओठाला रुमाल लावतात, कारण थेंब ओघळला की नाही हे त्यांना कळत नाही. चाळीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवलेल्या या बाई आता लग्नाच्या पंगतीला बसत नाहीत.

जाडी दाखवणारे चित्र मिळायला दंतवैद्यकास बराच काळ वाट पाहावी लागली. राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि दोनच महिन्यांत जर्मनीतील ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी २५ मिनिटे किरणे घ्यावी लागली म्हणतात. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि शरीराचे काप पाहता येऊ लागले. जबड्यासाठीही ते वापरले गेले; पण यंत्र मोठे, खर्च मोठा आणि किरणांची मात्राही मोठी. १९९८ साली इटलीतील वेरोना येथील मोत्सो व सहकाऱ्यांनी केवळ जबड्यांसाठी योजलेल्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात किरणांचा झोत पंख्यासारखा पातळ नसून शंकूच्या आकाराचा असतो आणि डोक्याभोवतीच्या एकाच फेरीत सारी माहिती गोळा होते. हेच कोन बीम सीटी. काही वर्षांपूर्वी आम्हांला यासाठी रुग्ण दिल्लीस पाठवावा लागे. आता ग्वाल्हेरमध्येच सोय आहे. रुग्णाने वीस-तीस सेकंद न हलता बसायचे, इतकेच. कंपवाताच्या रुग्णास मात्र तेवढेही कठीण जाते, आणि हललेले चित्र कामाचे नसते.

परंतु नुसते "स्कॅन करून आणा" म्हणून चालत नाही. माझ्या मते बोळक्या तोंडाच्या बाबतीत होणारी सर्वांत मोठी चूक येथेच होते. दात नसलेल्या जबड्याचे चित्र काढले तर हाड उत्तम दिसते, पण त्या हाडाचा कोणता भाग पाहायचा हे कळत नाही. दात कुठे येणार आहेत, हे त्या चित्रात नसते. झिजताना वरचा जबडा आत जातो आणि खालचा बाहेर पसरतो. म्हणून तर आजीचे नाक आणि हनुवटी एकमेकांकडे येतात. जिथे हाड आहे तिथे दात शोभत नाही आणि जिथे दात हवा तिथे हाड नसते, असा प्रकार वारंवार आढळतो. तेव्हा प्रथम नवी कवळी नीट जमवून घ्यावी, रुग्णाला आरशात दाखवावी, तिच्यात गटापर्चाच्या खुणा भराव्यात आणि ती तोंडात ठेवून स्कॅन करावा. मग केवळ कवळीचा वेगळा स्कॅन घ्यावा. संगणकावर दोन्ही चित्रे खुणांच्या आधारे एकमेकांवर बसवली की होऊ घातलेले दात, हिरडी आणि हाड तिन्ही एकत्र दिसतात. ओठ आणि गाल कापसाने किंचित दूर ठेवले तर हिरडीची जाडीही मोजता येते. ज्या जाड हिरडीने मला फसवले होते ती येथे लपत नाही.

मग एकेक काप पाहत जायचे. चार मिलिमीटरच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंस किमान एकेक, शक्यतो दीड मिलिमीटर हाड हवे; म्हणजे कड सहा-सात मिलिमीटर रुंद हवी. खालच्या जबड्यात नळी कोठून जाते आणि मेंटल फोरामेनच्या पुढे ती वळसा घेते का, हे पाहायचे. जिभेकडची बाजू विशेष काळजीने पाहायची. तिथे हाड आतून खोलगट असते. ओपीजीत भरपूर दिसणाऱ्या उंचीत सरळ खाली गेलेले यंत्र हाड फोडून जिभेखाली निघू शकते. तेथील रक्तवाहिनी दुखावली तर रक्त तोंडाच्या तळाशी साठते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासमार्गच बंद होण्याची वेळ येते. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत, आणि भूलतज्ज्ञ मित्रांस यातील गांभीर्य अधिक सांगावयास नको. वरच्या जबड्यात मागे सायनस खाली उतरलेले असते, कधी हाड दोन-तीन मिलिमीटरच उरते. सायनसचे अस्तर सुजलेले दिसले तर आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांचे मत घ्यावे.

हाडाचा दर्जा हा आणखी एक विषय. लेकहोम आणि झार्ब यांनी १९८५ साली केलेले चार प्रकार आजही वापरात आहेत : पहिला जवळजवळ सगळा घट्ट हाडाचा, चौथा वरून पातळ कवच आणि आत विरळ जाळी असलेला. कोन बीमच्या चित्रातील करडेपणावरून दर्जाचा आकडा काढण्याचा मोह होतो. पण वैद्यकीय सीटीतील हाउन्सफील्ड एकक जितके भरवशाचे, तितका हा आकडा नाही. यंत्रागणिक तो बदलतो. अंदाज घ्यावा, निर्णय त्यावर एकट्यावर सोडू नये.

फिजिशियन मित्र नेहमी किरणांच्या मात्रेविषयी विचारतात, आणि ते योग्यच आहे. ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट, दोन्ही जबड्यांच्या कोन बीममध्ये यंत्र आणि मापनानुसार सुमारे ५० ते २०० किंवा थोडी अधिक, तर नेहमीच्या वैद्यकीय सीटीत कित्येक शेकडे. निसर्गतः आपणा सर्वांस वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे १०० मायक्रोसीव्हर्टचा एक स्कॅन हा सुमारे पंधरा दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतका झाला. सत्तरीच्या रुग्णास ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र केवळ यंत्र दाराशी आहे म्हणून प्रत्येकाचा स्कॅन काढणे मला मान्य नाही. प्रश्न दोन इम्प्लांटचा असेल तर खालच्या जबड्यापुरताच काढावा. आणि काढलेले चित्र संपूर्ण वाचावे. जबड्याबाहेरही त्यात पुष्कळ काही दिसते. मानेच्या रक्तवाहिनीत साठलेले कॅल्शियम दिसल्यामुळे एका रुग्णास हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे.

चित्रातून न दिसणाऱ्या गोष्टी सांगण्याचे काम आपणा सर्वांचे आहे. अस्थिभंगुरतेसाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून औषध घेणारे अनेक रुग्ण ती "दातांशी संबंध नाही" म्हणून सांगत नाहीत. या औषधांच्या रुग्णांत जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडते, हे २००३ साली मार्क्स यांनी प्रथम लक्षात आणून दिले. कर्करोगासाठी ही औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत धोका पुष्कळ अधिक असतो. तेव्हा औषधाच्या चिठ्ठीवर दंतवैद्यासाठी एक ओळ लिहिली तर आमच्यावर उपकार होतील. मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचेही तेच. शिवाय आपल्या भागात गुटख्याने तोंड आखडलेले रुग्ण पुष्कळ. मध्य प्रदेशाने २०१२ साली, देशात सर्वांआधी, गुटख्यावर बंदी घातली, पण आखडलेली तोंडे राहिलीच. हाड उत्तम असूनही त्यांच्या तोंडात ड्रिल उभे धरायला जागा नसते.

गेल्या वर्षी मुरार छावणीतून निवृत्त झालेले एक आजोबा आले. वय चौऱ्याऐंशी. नातवाने इंटरनेटवर वाचून इम्प्लांट ठरवूनच आणले होते. स्कॅन पाहिला, मागे नळीवर चार मिलिमीटर हाड, पुढे कड पातळ, आणि हाडाच्या आजारासाठी शिरेतून औषध चालू. मी नको म्हणालो. नातू नाराज झाला. स्कॅनला एवढे पैसे गेले आणि निष्पन्न काय, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. आजोबांनी पडद्यावरचे आपले हाड बराच वेळ पाहिले आणि विचारले, "म्हणजे माझं चूक नव्हतं ना? घरातले म्हणायचे, मी कवळी नीट घालत नाही." त्यांना आम्ही मज्जातंतूच्या जागी मोकळीक ठेवलेली, विस्तृत बैठकीची नवी कवळी करून दिली. गजक त्यांना खाता येत नाही, पोळी येते.

ज्यांना दंतरोपणाचा विचार करावयाचा आहे त्यांना एक विनंती. पहिल्या भेटीस येताना सध्या चालू असलेली सर्व औषधे, जुने क्ष-किरण चित्र असल्यास ते, आणि आपल्या सगळ्या जुन्या कवळ्या बरोबर आणाव्यात. तुटलेली असली, काळी पडली असली, तरी टाकून देऊ नये. जबडा किती वर्षांत किती उतरला, याचा हिशेब तिच्यात असतो.